जुन्या ट्रॅक लोडरची पारख

दर फेब्रुवारीत अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ओरलँडो शहराजवळ, रिची ब्रदर्स या कंपनीचा यंत्रांचा लिलाव भरतो. डोझर, क्रेन, टिपर, एक्स्कॅव्हेटर असा हजारो नगांचा माल काही दिवसांत हातोहात जातो. कॅनडातल्या केलोना गावी फर्निचरचे दुकान चालवणाऱ्या रिची बंधूंनी १९५८ मध्ये पहिला लिलाव केला, आणि पुढे त्याचाच हा पसारा झाला. त्यांच्या लिलावात मालकाने आतून ठरवलेली किमान किंमत नसते. शेवटची बोली पडली की माल गेला.

मैदानाच्या एका बाजूला छोटे ट्रॅक लोडर रांगेने उभे असतात. पांढरे-नारिंगी बॉबकॅट, पिवळे कॅट, नारिंगी कुबोटा. सगळे धुतलेले, काहींना नुकताच रंग मारलेला. एकाच वर्षाचे, एकाच मॉडेलचे दोन लोडर शेजारी शेजारी असतात, मीटरवरचे तासही जवळपास सारखे असतात, आणि तरी बोली थांबते तेव्हा त्यांच्या किमतीत काही हजार डॉलरचे अंतर पडलेले असते. ते अंतर पाडणारी माणसे आदल्या दिवशीच येऊन गेलेली असतात. जमिनीवर आडवे होऊन, टॉर्च मारून, त्यांनी पट्ट्यांच्या आतली बाजू पाहून ठेवलेली असते. आपल्याकडच्या बैलबाजारात जाणता शेतकरी शिंगांना लावलेल्या रंगाकडे ढुंकूनही न बघता आधी बैलाचे तोंड उघडून दात बघतो, मग त्याला चालवून बघतो. या यंत्रालाही दात असतात आणि चालही असते. पारख करायची ती या दोन्हींची.

महाराष्ट्रात माती हलवायची म्हटले की डोळ्यासमोर जेसीबी येतो, म्हणजे पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असलेले चाकांचे यंत्र. मोठे खोदकाम असेल तर पोकलेन येतो. छोटा ट्रॅक लोडर या दोघांहून वेगळा आहे. साधारण एका मोटारगाडीएवढी जागा व्यापणारा, चार-पाच टन वजनाचा, दोन्ही बाजूंना रबरी पट्टे, मधोमध पिंजऱ्यासारखी केबिन आणि केबिनच्या दोन्ही अंगांनी पुढे येणारे उचलबाहू. त्याला स्टिअरिंग नसते. एका बाजूचा पट्टा पुढे आणि दुसऱ्या बाजूचा मागे फिरवला की तो जागच्या जागी गिरकी घेतो. पुढची बकेट काढून तिथे फोर्क, खड्डा पाडणारा ऑगर, बर्फ लोटायचे पाते, झाडोरा भुगा करणारा मल्चर, काहीही लावता येते, आणि ही जोडणी आता बहुतेक कंपन्यांत सारखी असल्याने एकाची बकेट दुसऱ्याला बसते. जेसीबी कंपनीही अमेरिकेतल्या सव्हाना शहरात असे लोडर बनवते. फक्त तिच्या यंत्राला दोनाऐवजी एकच बाहू असतो आणि चालक पुढून न चढता बाजूच्या दाराने आत शिरतो.

या यंत्राचा वंश टर्कीच्या खुराड्यापर्यंत जातो. मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे गावात सिरिल आणि लुई केलर हे दोघे भाऊ लोहारकामाचे आणि दुरुस्तीचे दुकान चालवत. टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला खांबांच्या गर्दीत वळून खत काढता येईल असे यंत्र हवे होते. केलर बंधूंनी १९५७ मध्ये त्याला तीन चाकांचा छोटा लोडर बनवून दिला. शेजारच्या नॉर्थ डकोटातल्या ग्विनर गावच्या मेलरो कंपनीने पुढच्याच वर्षी ती कल्पना उचलली. १९६० मध्ये मागच्या एका चाकाऐवजी दोन चाके आली आणि १९६२ मध्ये बॉबकॅट हे नाव रूढ झाले. ही सगळी चाकांची यंत्रे होती. वळताना त्यांची चाके जमिनीवर घासत, आणि ओल्या मातीत ती रुतून बसत.

पट्टे आले ते दोन दिशांनी. जपानच्या नागानो प्रांतातल्या ताकेउची कंपनीने १९८६ मध्ये ‘टीएल२६’ आणला. छोट्या एक्स्कॅव्हेटरसाठी वापरला जाणारा, आत पोलाद पुरलेला रबरी पट्टा आणि त्यावर लोडर, अशी त्याची रचना होती. दुसरीकडे मिनेसोटात एडगर हेटीन आणि गॅरी लेमकी यांनी १९८३ मध्ये एएसव्ही ही कंपनी काढली. हेटीन हा बर्फावरच्या स्नोमोबाइलच्या धंद्यातला मुरलेला माणूस, पोलारिस कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. साहजिकच त्याच्या कंपनीने पट्ट्याचा विचार बर्फाच्या अंगाने केला: हलका, लवचीक, वजन सगळीकडे पसरवणारा. त्यातून ‘पॉझी-ट्रॅक’ जन्माला आला. १९९०च्या दशकाच्या शेवटी कॅटरपिलरने एएसव्हीशी हातमिळवणी केली आणि तीच पट्ट्यांची रचना आपल्या ‘मल्टी टेरेन लोडर’मध्ये वापरली. एएसव्ही पुढे २००८ मध्ये टेरेक्सकडे आणि २०१९ मध्ये यानमारकडे गेली.

हा इतिहास खरेदीदाराने माहीत करून घ्यावा, कारण आज बाजारात दिसणारे जुने लोडर याच दोन घराण्यांत विभागलेले आहेत आणि दोघांची झीज वेगवेगळ्या ठिकाणी होते.

पहिल्या घराण्यात बॉबकॅट, कुबोटा, ताकेउची, डिअर आणि कॅटचे बहुतेक लोडर येतात. यांच्या रबरी पट्ट्यात पोलादी तुकडे आणि पोलादी तारा पुरलेल्या असतात. चालवणाऱ्या दातेरी चाकाचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दात त्या तुकड्यांमध्ये अडकून पट्टा ओढतात. खालच्या बाजूला मोजके पोलादी रोलर आणि टोकांना मोकळी फिरणारी चाके, म्हणजे आयडलर, असतात. रचना साधी, दणकट, पण कडक. दुसऱ्या घराण्यातल्या, म्हणजे एएसव्ही आणि कॅटच्या २५७, २७७, २८७ अशा क्रमांकांच्या यंत्रांच्या पट्ट्यात पोलाद नसते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला रबराचीच उंच बोंडे असतात आणि स्प्रॉकेटवरच्या फिरत्या नळ्या त्या बोंडांना ढकलतात. खाली रबर चढवलेली पुष्कळ छोटी चाके असतात. चाल मऊ, जमिनीवरचा दाब आणखी कमी. म्हणून हिरवळ न बिघडवता काम करणाऱ्यांना आणि दलदलीत शिरणाऱ्यांना हे घराणे आवडते. पण चाके जितकी जास्त तितकी बदलायची चाकेही जास्त, हा हिशेब जुने यंत्र घेताना पुढे येतोच.

मुळात लोक पट्ट्यांसाठी जास्तीचे पैसे मोजतात ते जमिनीवरच्या दाबासाठी. चाकांच्या लोडरचे टायर चौरस इंचाला तीस पौंडांच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब देतात. पट्ट्यांच्या लोडरचा दाब चार ते सहा पौंडांत राहतो. पाऊस पडून गेल्यावर चाकाचा लोडर शेडमध्ये बसतो तेव्हा पट्ट्याचा लोडर कामावर असतो. याच कारणाने अमेरिकेत पट्ट्यांच्या यंत्रांची विक्री गेल्या दशकात चाकांच्या यंत्रांच्या पुढे गेली. या सोयीची किंमत पट्टे झिजून वसूल करतात. रबरी पट्टे साधारण बाराशे ते सोळाशे तास टिकतात. मऊ मातीत जपून चालवले तर जास्त, काँक्रीटवर गिरक्या घेतल्या तर त्याच्या निम्मेही नाही. एक पट्टा एक ते दोन हजार डॉलरला पडतो, आणि दोन लागतात. त्याच्या जोडीला स्प्रॉकेट, रोलर, आयडलर बदलायची वेळ आली तर खर्च कितीतरी पट वाढतो.

आता खाली वाकून बघायची गोष्ट. बकेटचे टोक जमिनीवर दाबून आणि मागे टेकू देऊन यंत्र उचलावे, म्हणजे पट्टे अधांतरी लोंबतात. मधल्या रोलरखाली पट्टा किती लोंबतो ते आधी पाहावे. अर्धा ते एक इंच झोळ बहुतेक यंत्रांत ठीक मानला जातो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. झोळ जास्त असेल तर उतारावर वळताना पट्टा निसटतो. पट्टा फार ताणलेला असेल तर दिसायला छान दिसतो, पण तो ताण स्प्रॉकेटच्या दातांवर आणि आयडलरच्या बेअरिंगवर सतत पडत असतो. विकायच्या आधी ग्रीस भरून पट्टे ताणून ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. म्हणून ताण देणाऱ्या सिलिंडरचा दांडा किती बाहेर आला आहे तेही बघावे. तो शेवटपर्यंत बाहेर आला असेल तर पट्टा लांबला आहे आणि यापुढे ताणायला जागा उरलेली नाही.

मग स्प्रॉकेटचे दात. नवा दात दोन्ही बाजूंनी सारखा आणि माथ्यावर रुंद असतो. झिजलेला दात एका बाजूने खरवडला जाऊन टोकदार, वाकलेला, माशाच्या परासारखा दिसतो. अशा दातांवर नवा पट्टा चढवला तर तोही लवकर खराब होतो. दातांचा आकार आणि पट्ट्यातल्या तुकड्यांचे अंतर जुळत नाही, आणि दात दर फेरीला पट्ट्याला आतून कुरतडत राहतो. विक्रेता ‘पट्टे नवे टाकलेत’ असे अभिमानाने सांगतो तेव्हा नेमका हाच प्रश्न विचारायचा: स्प्रॉकेट कधी बदलला? नव्या पट्ट्यांखाली जुना स्प्रॉकेट दिसला की समजावे, खर्च लपवला आहे.

रोलर हाताने फिरवून बघावेत. फिरताना खरखर नको, आणि कडेला तेलाने ओली झालेली माती नको. रोलरच्या सीलमधून तेल गेले की आतले बेअरिंग कोरडे चालते आणि एक दिवस रोलर अडकतो. अडकलेल्या रोलरवरून पट्टा घासत राहतो, आणि रोलरची एक बाजू चपटी होते. पट्ट्याच्या रबराला भेगा असणे वाईट नाही, उन्हापावसात उभ्या यंत्राला त्या पडतातच. वाईट आहे ती तारेपर्यंत गेलेली चीर. आत पाणी शिरते, तारा गंजतात, आणि पट्टा बाहेरून बरा दिसत असताना एका वळणावर तुटतो. नव्या पट्ट्याच्या खाचा साधारण इंचभर खोल असतात. खिशात छोटी मोजपट्टी असेल तर उरलेले आयुष्य तिथेच कळते.

या मोजमापाचे पैशांत रूपांतर करणे हाच निवडीचा गाभा आहे. समजा, एक लोडर १५०० तास चाललेला आहे आणि ३२ हजार डॉलरला मिळतो, पण त्याचे पट्टे, स्प्रॉकेट आणि काही रोलर संपलेले आहेत. दुसरा २२०० तास चाललेला आहे, ३७ हजारांना मिळतो, आणि त्याचे पट्टे, स्प्रॉकेट आणि रोलर दोनशे तासांपूर्वी पावतीसकट नवे टाकलेले आहेत. मीटर बघणारा पहिल्याकडे वळतो. पण पहिल्यावर लगेच सात-आठ हजार घालावे लागले, तर तो ३९-४० हजारांचा झाला, शिवाय दुरुस्तीचे दिवस वाया गेले ते वेगळेच. दुसरा त्याच दिवशी कामाला जातो. यंत्राचे तास इंजिनाचे वय सांगतात. खाली काय उरले आहे ते सांगत नाहीत.

तासांपेक्षा ते तास कुठे गेले हे महत्त्वाचे. फ्लोरिडाची वाळू सँडपेपरसारखी आत शिरते आणि रोलर, स्प्रॉकेट, पिन सगळ्यांना खाते. डांबरी रस्त्याच्या कामावरचा लोडर रबर झिजवून येतो. जंगल साफ करणाऱ्याचा लोडर सगळ्यात दमलेला असतो, आणि हे बाहेरून दिसत नाही. मल्चर चालवायला हायड्रोलिक तेलाचा मोठा प्रवाह लागतो. साधा प्रवाह मिनिटाला साधारण ६५ ते ९० लिटर, तर ‘हाय फ्लो’ यंत्रात ११० ते १५० लिटर. दिवसभर त्या प्रवाहावर चाललेल्या यंत्राचे पंप आणि तेल तापत राहतात, रेडिएटर भुशाने भरतो, आणि ठिणगी पडली तर भुसा पेटतोही. कुठल्याही यंत्राच्या खालच्या झाकणाचे नट काढून आतला थर पाहिला तर त्याचा सगळा इतिहास हाताला लागतो: लाकडाचा भुसा निघाला तर जंगल, पांढरी भुकटी निघाली तर काँक्रीट पाडकाम, शेण आणि गवत निघाले तर गोठा. गोठ्यातल्या मूत्राने तारांचे जोड आणि पत्रा गंजतो, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

भाड्याने देणाऱ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी आपला ताफा विकतात. युनायटेड रेंटल्ससारख्या मोठ्या कंपन्यांची यंत्रे म्हणूनच जुन्या बाजारात मोठ्या संख्येने येतात. त्यांबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. त्यातले ‘भाड्याचे यंत्र नकोच’ हे मत पटणारे नाही. अशी यंत्रे रोज नव्या माणसाने हाकलेली असतात हे खरे, पण त्यांचे तेल वेळेवर बदललेले असते आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद संगणकात असते. एकाच मालकाने हौसेने वापरलेले पण कागद नसलेले यंत्र त्यापेक्षा जास्त जोखमीचे. कॅट, डिअर यांच्या अलीकडच्या यंत्रांत यंत्राची माहिती दूरवर पाठवणारी यंत्रणा असते, तिच्यातून खरे तास, रिकामे चालू राहिलेले तास आणि बिघाडाचे संकेत काढून मागता येतात. मीटरची तबकडी बदलता येते, पण इंजिनाच्या संगणकातली नोंद सहसा तशीच राहते. दोन्ही आकडे जुळवून पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

इंजिनाच्या बाबतीत खरेदीदाराला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे नियम ठाऊक असावे लागतात, कारण त्यांनीच जुन्या बाजाराचे दोन भाग पाडले. ‘टियर ४’ नावाच्या नियमांनी २०१३ पर्यंत २५ ते ७५ अश्वशक्तीच्या इंजिनांवर काजळीची कडक मर्यादा आणली. नायट्रोजन ऑक्साइडची जास्त कडक मर्यादा मात्र ७५ अश्वशक्तीच्या वरच्या इंजिनांनाच लागू झाली. म्हणून कारखान्यांनी आपली सगळ्यात खपाची मॉडेले ७४ अश्वशक्तीवर आणून ठेवली. कुबोटाचा एसव्हीएल७५-२, कॅटचा २५९डी, बॉबकॅटचा टी६५०, तिघेही त्याच आकड्याच्या आसपास आहेत. यांना युरियाचे द्रावण भरावे लागत नाही. पण यातल्या बऱ्याच इंजिनांच्या धुराड्यात काजळी अडवणारे फिल्टर आहे आणि ते अधूनमधून तापवून आतली काजळी जाळावी लागते. चालकाने ती सूचना दर वेळी बटण दाबून टाळली असेल, तर फिल्टर तुंबते. फिल्टरमध्ये साठलेली राख साफ करायची वेळ साधारण ३००० तासांनी येते, म्हणून २८०० तासांचे यंत्र घेताना तो खर्च धरूनच बोलणी करावी. बॉबकॅटने २०१४च्या सुमारास फिल्टरशिवाय नियमात बसणारी स्वतःची इंजिने आणली. त्यामुळे त्या कंपनीच्या यंत्रांत वर्ष आणि इंजिन दोन्ही तपासून घ्यावे लागते.

काही यंत्रांतले फिल्टर कापून टाकलेले असते. विक्रेता तो फायदा म्हणून सांगतो. अमेरिकेत ही छेडछाड बेकायदा आहे, आणि असे यंत्र पुढे विकताना अधिकृत डीलर त्याला हात लावत नाही. ते घेऊ नये, यात दुसरे मत असण्याचे कारण नाही.

आता चाल. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की इंजिन गार हवे. पोचल्यावर बॉनेटखाली हात नेला आणि लोखंड कोमट लागले, तर गार इंजिन सुरू होताना काय करते ते दाखवायचे नव्हते असे धरून चालावे. सुरू करताना निघणारा निळा किंवा पांढरा धूर, ठोका, उशीर, सगळे नोंदावे. मग उलट काम करावे: किमान अर्धा-पाऊण तास यंत्र राबवावे, म्हणजे हायड्रोलिक तेल तापते. झिजलेला पंप किंवा चालमोटर गार तेलात नव्यासारखी वागते आणि तेल पातळ झाल्यावर खरे रूप दाखवते. सपाट जागेवर दोन्ही बाजूंना सारखी आज्ञा देऊन सरळ सोडल्यावर लोडर एका बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूची मोटर किंवा पंप थकलेला आहे. मातीच्या ढिगाला बकेट भिडवून ढकलावे. निरोगी यंत्राचे पट्टे माती उकरत घसरतात. पट्टे थांबून इंजिन मात्र नुसते गुरगुरत राहिले, तर ताकद कुठेतरी आतच गळते आहे. चालमोटरचे जादा तेल परत नेणाऱ्या नळीत बऱ्याच यंत्रांत एक छोटे फिल्टर असते. ते तुंबले की मोटरचे सील फुटते आणि दुरुस्ती हजारो डॉलरची होते. त्या फिल्टरमध्ये चमकणारे कण दिसले तर व्यवहार तिथेच थांबवावा.

उचलबाहूंचे पिन-बुश तपासायची रीत आपल्याकडच्या जेसीबी मालकांच्याही हातातली आहे. बकेट थोडी उचलून तिच्या टोकाला धरून वरखाली हलवायचे आणि कुठल्या सांध्यात ढिलाई आहे ते कानाने ऐकायचे. बाहूंच्या वेल्डिंगवर नव्या रंगाचा पट्टा दिसला तर खाली काय जोडले आहे ते विचारावे. आणि सीटवरचा सुरक्षा दांडा वर केल्यावर बाहू आणि चाल आपोआप बंद होतात की नाही, हे स्वतः बसून पाहावे. ही कुलुपे तार जोडून निकामी केलेली यंत्रे बाजारात सर्रास असतात. चालक उतरताना बाहू खाली येऊन चिरडला जाणे हा या यंत्रांचा सगळ्यात वाईट अपघात. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९९८ मध्ये त्याबद्दल खास इशारा काढला होता.

यंत्र निरोगी निघाले तरी ते आपल्या कामाचे आहे का, हा प्रश्न राहतोच. बाहूंच्या दोन जाती आहेत. पहिल्या जातीचे बाहू कमानीत वर जातात. त्यांची पोच मधल्या उंचीवर सगळ्यात जास्त असते, सांधे कमी असतात, आणि खोदणे, सपाटी करणे, भिंतीपलीकडे माती टाकणे त्यांना छान जमते. ताकेउचीचा टीएल८ आणि कॅटचा २७९डी या जातीचे. दुसऱ्या जातीचे बाहू जवळजवळ सरळ उभे चढतात आणि वर पोचल्यावरही पुढे पोच ठेवतात. ट्रक भरणे आणि फोर्कने पॅलेट उचलणे हे त्यांचे काम. कॅटचे २५९डी आणि २८९डी, कुबोटाचा एसव्हीएल७५-२, बॉबकॅटचा टी१९० हे या जातीचे. विटांचे पॅलेट ट्रकवरून उतरवणाऱ्याने पहिल्या जातीचा लोडर घेतला तर रोज पस्तावतो.

क्षमतेच्या आकड्यांत मोठी गफलत होते. पट्ट्यांच्या लोडरची उचलक्षमता ठरवताना, ज्या वजनाला तो पुढे कलंडतो त्याच्या ३५ टक्के धरतात. चाकांच्या लोडरला ५० टक्के धरतात. काही माहितीपत्रकांत पट्ट्यांच्या लोडरचे दोन्ही आकडे छापलेले असतात आणि विक्रेता मोठा वाचून दाखवतो. ३५ टक्क्यांनी पाहिले तर टी१९०ची क्षमता १९०० पौंड, म्हणजे सुमारे ८६० किलो. त्याच्या नावातच ती आहे. २५९डी सुमारे ९२० किलो आणि एसव्हीएल७५-२ सुमारे १०४० किलो उचलतो. डिअरचा ३३३जी यांच्या बराच पुढे आहे, पण तो एकटाच साडेपाच टनांच्या घरात जातो.

आणि वजन हा रस्त्याचा प्रश्न आहे. अमेरिकेत ट्रेलरची मान्य क्षमता १०,००० पौंडांहून जास्त असेल आणि ट्रक-ट्रेलर मिळून ती २६,००१ पौंड किंवा जास्त झाली, तर व्यावसायिक चालक परवाना लागतो. चार टनांचा लोडर, एक बकेट, फोर्क आणि ट्रेलर बेताच्या पिकअपमागे या हद्दीच्या आत बसवता येतात. मोठा लोडर घेणाऱ्याला तो परवाना काढावा लागतो किंवा परवानाधारक चालक ठेवावा लागतो. एकट्याने धंदा करणाऱ्या बागकाम कंत्राटदारासाठी हा मुद्दा इंजिनाच्या ताकदीहून मोठा आहे.

सुखसोयीही धंद्याच्याच गोष्टी आहेत. कॅटच्या २५९डीच्या पट्ट्यांची चौकट टॉर्शन अॅक्सलवर टांगलेली असते, त्यामुळे खडबडीत जागी यंत्र कमी हादरते आणि बकेटमधली माती कमी सांडते. कुबोटाची चौकट थेट जोडलेली, म्हणून हादरे जास्त, पण झिजायला सांधेही कमी. कुबोटाचे पुढचे दार डोक्यावर सरकून जाते, त्यामुळे बाहू कुठल्याही उंचीवर असले तरी ते उघडता येते. बाहेर उघडणाऱ्या दारांच्या यंत्रांत बाहू अर्धवट वर राहून इंजिन बंद पडले तर दार अडते. जुन्या बॉबकॅटमध्ये हातांच्या दांड्यांबरोबर पायाचे पेडल असतात. त्यावर वाढलेल्या चालकाला दोन जॉयस्टिकची यंत्रे परकी वाटतात आणि उलटही. नेमून ठेवलेला चालक ज्यावर सरावला आहे ते यंत्र पहिल्याच आठवड्यात जास्त काम देते.

कागद शेवटी, पण कागदांशिवाय पैसे देऊ नयेत. यंत्रावर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे कर्ज असेल तर त्याची नोंद राज्याच्या दप्तरात असते. विक्रेत्याच्या नावाने ती शोधून घ्यावी, नाहीतर कर्ज त्याचे आणि जप्ती आपल्याकडे. छोटे लोडर चोरांच्याही आवडीचे आहेत, कारण ट्रेलरवर चढवून दहा मिनिटांत निघून जाता येते आणि एका कंपनीच्या बऱ्याच यंत्रांना एकच किल्ली चालते. चौकटीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक अक्षर-अक्षर जुळवावा. क्रमांकाची पट्टी नवी असेल किंवा रिव्हेट बदललेले असतील, तर निघून यावे.

निवड करायचीच झाली तर इतके सांगता येते. ओल्या, मऊ, हिरवळीच्या कामाला एएसव्ही घराण्याचा लोडर, पण प्रत्येक छोटे चाक मोजून आणि त्याची किंमत धरून. खोदकाम आणि सपाटीला ताकेउचीच्या टीएल८सारखा कमानी बाहूंचा, कमी सांध्यांचा लोडर. ट्रक भरणाऱ्याला आणि पॅलेट हलवणाऱ्याला ७४ अश्वशक्तीच्या वर्गातला कुबोटा, कॅट किंवा बॉबकॅट, आणि या तिघांत ज्याचा डीलर गावाजवळ आहे तो, कारण बंद पडलेल्या यंत्राला सुट्या भागासाठी चार दिवस थांबावे लागले तर ब्रँडमधला बाकी सगळा फरक पुसला जातो. आणि विक्रेता कोणीही असो, तापलेल्या तेलावर अर्धा-पाऊण तास स्वतः यंत्र चालवू देत नसेल, तर किंमत कितीही उतरवली तरी ते घेऊ नये.